मदत हवी आहे : परस्पर संमतीने घटस्फोट, कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मान्य करून न्यायालयात द्यायच्या लेखी अटी) काय काय लिहून घ्यायचं?

रानजाई
धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. हिंदू विवाह कायद्याखाली दोघांच्या संमतीने अर्ज करायचं ठरलंय. १४ महिने वेगळे राहतात, मुलगा ४ वर्षांचा. फ्लॅट दोघांच्या नावावर, गृहकर्जही दोघांचं. पोटगी एकरकमी ठरली आहे.
सहा महिन्यांची मुदत माफ होते का? नवऱ्याकडचे म्हणतात, नोटरीसमोर स्टँप पेपरवर सह्या केल्या की झालं. ते चालतं का? पैसे कधी आणि कसे घ्यावेत? फ्लॅट नवरा ठेवणार आहे, तिने नाव कसं काढून घ्यायचं?

पिंपळपान
रानजाई, नोटरीचा विषय आधी संपवू. स्टँप पेपरवर सह्या करून हिंदू विवाह मोडत नाही. समाजात रूढीने घटस्फोट मान्य असेल तर कलम २९(२) मध्ये त्याला जागा आहे, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. अशा कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं आणि द्विविवाहाचा गुन्हा अंगावर येतो तो वेगळाच. बहिणीला तिथे सही करू देऊ नका.

मुदतीचं असं आहे. कलम १३ब प्रमाणे अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिन्यांनंतर, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे यायचं, म्हणजे सेकंड मोशन. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे सहा महिने माफ करता येतात. पण तिथे दिलेल्या कसोट्यांत पहिली हीच, की अर्जाआधीच दीड वर्ष उलटलेलं असावं. शिवाय समेटाचे प्रयत्न फसलेले आणि पोटगी, मुलाचा ताबा वगैरे सगळं मिटलेलं असावं. १४ महिन्यांवर माफी मिळणं अवघड. माफीसाठी आणखी चार महिने थांबून फार काही हाती लागणार नाही. आत्ताच अर्ज टाका आणि ते सहा महिने बँकेच्या कामाला वापरा.

आता पैसे. 'पती ठरलेली रक्कम योग्य वेळी देईल' असं वाक्य कन्सेंट टर्म्समध्ये दिसलं तर तिथेच खोडा. एकूण आकडा, किती हप्ते, कोणता हप्ता कोणत्या टप्प्यावर, ड्राफ्ट कोणाच्या नावे, हे सगळं लिहा. साधारण रीत अशी : काही भाग अर्जाच्या वेळी, उरलेला सेकंड मोशनच्या दिवशी न्यायालयासमोर. इथे एक बारीक गोष्ट हमखास नडते. डिमांड ड्राफ्ट तीन महिनेच चालतो. दोन्ही ड्राफ्ट सुरुवातीलाच काढून वकिलाकडे ठेवले तर दुसरा सेकंड मोशनच्या आधीच मुदतबाह्य होतो आणि नवा काढून आणेपर्यंत पुढची तारीख पडते. दुसरा ड्राफ्ट त्या तारखेच्या आठवडाभर आधी काढायला लावा.

सगळी रक्कम आधी मागू नका, सगळी शेवटावरही ठेवू नका. डिक्री (न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूम) होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं (सुरेष्टा देवी निकाल, १९९१). मात्र न्यायालयाला हमी देऊन पैसे घेतले आणि मग शब्द फिरवला, तर अवमानाची कारवाई होऊ शकते.

कोराकागद
फ्लॅटबद्दल. लोक इथेच फसतात, म्हणून सविस्तर. 'यापुढे कर्ज पती फेडेल' असं कन्सेंट टर्म्समध्ये लिहिलं तरी ते नवरा-बायकोपुरतं. बँक त्यात पक्षकार नसते. कर्जाच्या करारावर बहिणीची सही आहे तोवर हप्ता थकला की नोटीस तिलाही येणार, सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारा गुणांक) तिचंही खराब होणार.
क्रम असा ठेवा. नवऱ्याने बँकेत सहकर्जदाराचं नाव कमी करण्याचा अर्ज द्यायचा. बँक त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसतं का ते पाहते. बसत नसेल तर दुसरा सहकर्जदार आणा, नाहीतर कर्ज दुसऱ्या बँकेत न्या. बहीण मुक्त झाल्याचं बँकेचं लेखी पत्र हातात आलं, की मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र. उलट केलं तर घर गेलं आणि कर्ज राहिलं, अशी गत होते. मुद्रांक शुल्क कोण भरणार तेही लिहून घ्या, त्यावरून ऐन वेळी अडतं.

रानजाई
खूप आभार दोघांचे. एक सांगायचं राहिलं. तिने २०२३ मध्ये ४९८अ (सासरी छळाचं फौजदारी कलम) खाली तक्रार दिली होती. ती पोलीस ठाण्यात जाऊन मागे घेता येईल का? आणि मुलाचं काय लिहायचं?

पिंपळपान
ठाण्यात मागे घेता येत नाही. गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, सोबत बहिणीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. अर्ज कोण करणार, किती दिवसांत, आणि ते प्रतिज्ञापत्र पैशाच्या कोणत्या हप्त्यासोबत द्यायचं, तिन्ही गोष्टी लिहा.

मुलगा पाच वर्षांच्या आतला आहे, म्हणजे ताबा सहसा आईकडे. भेटीबद्दल 'सोयीनुसार' हा शब्द नको. महिन्यातले कोणते शनिवार, किती ते किती, सुट्टीतले किती दिवस, आणायला-सोडायला कोण, व्हिडिओ कॉल कधी, असं लिहा. पासपोर्टसाठी वडिलांची संमतीही आत्ताच नोंदवा, नंतर एका सहीसाठी वर्ष जातं. आणि 'मुलाचा खर्च कधीच मागणार नाही' असं कोणी लिहून मागितलं तर ठाम नकार द्या. तो हक्क मुलाचा आहे, आईने सोडून दिला म्हणून सुटत नाही.

कोराकागद
स्त्रीधनाची यादी वेगळं परिशिष्ट म्हणून जोडा : दागिना, वजन, मिळाला की नाही, समोर दोघांची सही.
डिक्रीच्या दोन-तीन प्रमाणित प्रती घ्या. कन्सेंट टर्म्स आणि परिशिष्टं त्यात जोडलेली आहेत ना, हे खिडकीवरच पान उलटून पाहा. बँक आणि पासपोर्ट कार्यालय तीच पानं मागतात.