मदत हवी आहे: मादी अंड्यांवर बसल्यापासून नर हंस अंगावर येतो

मादी उबवायला बसली की नर राखण करतो, हे ठाऊक आहे. मान जमिनीलगत लांब करून फुत्कारणं ही फक्त ताकीद. तेवढ्यावर मागे सरकलं तर बहुतेक वेळा तो थांबतो. पण आमचा नर आता ताकीद न देताच धावतो, चावतो, पंखांच्या सांध्याने फटका मारतो. दाणा-पाणी ठेवताना हे रोजचंच झालंय. नर हाताने वाढवलेला आहे, त्यामुळे माणसाची भीती मुळातच कमी, हे बहुधा खरं कारण.

पळायचं नाही, ताठ उभं राहायचं, हात पसरायचे, पाठ न वळवता बाजूबाजूने मागे यायचं, हे सगळं पाळतो. काठीने मारत नाही, कारण मग तो माणसालाच शत्रू समजतो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मागून येणाराही त्याला दिसतो, म्हणून गुपचूप जाण्यात अर्थ नाही.

उबवणीचे 28 ते 30 दिवस कसे काढावेत? घरट्याभोवती आडोसा केला तर नर शांत होतो, की मादी दिसेनाशी झाल्याने जास्त बिथरतो? दाण्याचं भांडं किती लांब ठेवावं, म्हणजे मादी उठून खाईल पण अंडी गार पडणार नाहीत? पंख अंगाशी दाबून त्याला थोडा वेळ काखेत धरून ठेवण्याचा उपाय या काळात करावा का? पिल्लं निघाल्यावर राग आणखी वाढतो, म्हणून आधीच विचारतोय.