गळती कसली, निवड म्हणा

साठीनंतर मित्र गळतात आणि माणूस एकटा पडतो, असं वर दोघातिघांनी लिहिलंय. मला अर्धंच पटलं. स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचं काम सांगतं की यातली बरीचशी छाटणी माणूस स्वतःच करतो. हाताशी काळ थोडा उरलाय असं वाटलं की तोंडओळखी सुटतात, जिवाभावाचे चार राहतात. गंभीर आजारी तरुणांतही हाच कल दिसला, म्हणजे प्रश्न निव्वळ वयाचा नाही.

आमच्या बाबांचंच बघा. फोंड्यात नोकरीला होते तेव्हा अर्धा बाजार ओळखीचा. निवृत्त झाले आणि बहुतेकांना रामराम. चवथीला मूळ घरी जाणं मात्र चुकत नाही. भावांच्या चुली कधीच वेगळ्या झाल्या, पण गणपती एकच, त्यामुळे एरवी न बोलणारेही माटोळीखाली (गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं बांधायची लाकडी चौकट) येतात. आंबाडे, सुपारीचे घोस बांधताना गाठ कशी मारायची यावरून भांडतात (दरवर्षी तेच भांडण!), पण येतात. असं हक्काचं निमित्त नसेल तिथे नाती राखायचं काम कुणा एकाच्या फोनवर येऊन पडतं, आणि ती बहुधा घरातली बाईच असते.