नवरा बार्जच्या रंगकामात, मुलगा चार वर्षांचा. शिशाची टेस्ट कुठली करायची?

डिचोलीकरीण
नमस्कार मंडळी. आमचे हे बार्ज रिपेरीच्या यार्डात आहेत, जुना रंग ग्राइंडरने खरवडायचा आणि नवा मारायचा हेच काम, संध्याकाळी त्याच कपड्यांत घरी येतात आणि बाइकचा आवाज आला की पोरगा धावत जाऊन पायांना मिठी मारतो. परवा यांच्याबरोबरचा एकजण म्हणाला जुन्या रंगात शिसं असतं. म्हणून मी एका लॅबला फोन केला तर ते म्हणे केसांची टेस्ट करा, एका पॅकेजात वीसेक धातू कळतात, माणशी साडेचार हजार. करावी का? आणि आकडा आला तरी त्याचं करायचं काय? आमचे डॉक्टर म्हणतात पोरगा खातोपितो ना, मग कशाला डोकं पिकवता.

लॅबवाला_फोंडा
ताई, केसांवर पैसे घालू नका. केसांवर बाहेरची धूळ बसते आणि ती धुऊन पूर्ण जात नाही, म्हणजे यजमानांच्या केसांत यार्ड किती ते कळेल, अंगात किती ते नाही. केस चालतात ते माशातल्या पाऱ्याला, केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो त्यामुळे कुठल्या महिन्यात किती गेलं तेही बघता येतं. शिशाला रक्तच, ते पण शिरेतलं. बोटाला टोचून घेतलं तर बोटावरची धूळ थेंबात उतरते आणि उगाच आकडा फुगतो. आधी मुलाचं करा. आणि लॅबला विचारा कमीत कमी किती आकडा पकडता. कोणी "10 च्या आत नॉर्मल" म्हणालं तर तिथून उठा, अमेरिकेत मुलांसाठी 10 ची रेघ होती ती 2012 ला 5 झाली आणि 2021 ला 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. ही 3.5 पण सुरक्षिततेची रेघ नव्हे हां, तिथल्या एक ते पाच वर्षांच्या मुलांतली सगळ्यात जास्त शिसं असलेली अडीच टक्के मुलं जिथून सुरू होतात तो आकडा. शिसं इतकं असलं तर चालेल असा आकडाच अजून कोणाला सापडलेला नाही.

सुंगटखाऊ
टेस्टच्या आधी काय खाल्लं ते पण बघा रे बाबांनो 😀 आमच्याकडे कामावर लघवीतलं आर्सेनिक तपासलं, माझं कितीतरी पट वर, बायको रडायला लागली, मी तीन रात्री झोपलो नाही. मग एका शहाण्या डॉक्टरने विचारलं, रविवारी काय जेवलास? सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीचं कालवण, आणि तिसऱ्या, दोन वेळा! माशांत आर्सेनोबिटेन नावाचं आर्सेनिक असतं ते फारसं अपाय न करता जसंच्या तसं बाहेर पडतं, पण साधी टेस्ट सगळं एकत्रच मोजते. पाच दिवस नुस्ते (म्हणजे मासळी) बंद करून परत दिलं तर आकडा जाग्यावर. गोंयकाराला नुस्ते न विचारता आर्सेनिक तपासणारा धन्यच म्हणायचा.

जुना_यार्डवाला
वहिनी, यार्डात पोरं सगळ्याच लालसर प्रायमरला रेडऑक्साइड म्हणतात, तिथेच घोटाळा होतो. रेडऑक्साइड म्हणजे लोखंडाचा गंज. जुन्या बार्जवर खालच्या थरात जो नारिंगी निघतो तो रेडलेड असू शकतो, म्हणजे मारुतीला पूर्वापार लावतात तो शेंदूर, सरळ शिसंच. कंपन्या हवेचं माप घेतात आणि कागद दाखवतात, पण त्याच हाताने विडी ओढली, पाव खाल्ला, ते कुठे हवेत मोजलं जातं? रक्तात मात्र नाकातोंडातून गेलेलं सगळं येतं. म्हणून म्हणतो एकट्याने करू नका, ग्राइंडरवाले सगळे आणि ऑफिसातले दोघेतिघे यांचं एकदम करा, मग शिसं कुठून येतं ते आपोआप दिसेल, आणि एकट्याच्या आकड्यावर मालक "घरच्या रंगाने झालं असेल" म्हणायला मोकळा असतो, माझ्या वेळेला अगदी असंच म्हणाले होते. अजून एक, रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं पण हाडात गेलेलं वीसतीस वर्षं बसून राहतं आणि थोडं थोडं परत रक्तात उतरतं, त्यामुळे जुन्या माणसाचा आकडा काम सोडल्यावरही लवकर खाली येत नाही.

डिचोलीकरीण
रिपोर्ट आले. यांचं 24, मुलाचं 6.1. पोराला तर काही त्रास दिसत नाही. घाबरायचं का?

लॅबवाला_फोंडा
घाबरू नका पण सोडूनही देऊ नका. आकडा म्हणजे रोग नव्हे, शिसं आत जातंय एवढं तो सांगतो, आणि एवढ्यावर दिसण्यासारखा त्रास बहुधा नसतोच. 5 च्या वर गेलं की ते कुठून येतं ते शोधून बंद करा असं डब्ल्यूएचओ म्हणते, आणि तुम्हाला तर ते माहीतच आहे. शिसं काढायच्या औषधाचा विषय मुलांत साधारण 45 ला येतो, त्यामुळे कोणी डिटॉक्स विकायला आलं तर हाकलून द्या. मुलाचं लोह तपासा, लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. दीड-दोन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये परत रक्त. कपडे यार्डातच बदलायचे, घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, आणि केर सुका काढू नका, ओलं पुसा.

डिचोलीकरीण
यार्डात कपडे बदलायला जागाच नाही म्हणतात, सध्या घरामागच्या न्हाणीत आंघोळ करूनच आत येतात. पोरगा दारात बसून भोकाड पसरतो. आज बाइकची सीट पुसली, फडकं नारिंगी झालं.