शाळेचा 'बाल सुरक्षा माहिती फॉर्म' आलाय, सगळं भरून द्यायचं का?

फोंडेकरीण

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या. मुलगा आठवीत, मुलगी चौथीत, दोघं फोंडा तालुक्यातल्याच एका शाळेत (नाव नको). पीटीएची मीटिंग झाली आणि त्यानंतर चार पानांचा फॉर्म घरी आला. पहिलं पान ठीक, रक्तगट, ॲलर्जी, मुलांना न्यायला कोण येतं वगैरे, ते विचारायलाच पाहिजे. पण पुढे बघा काय आहे. घरात कोण कोण राहतं, आईवडिलांशिवाय रात्री घरात झोपायला कोण असतं, मुलांना वेगळी खोली आहे का, घरात दारू कोण पितं, आईवडिलांची भांडणं होतात का (हो, नाही, कधीकधी असे तीन चौकोन!), मुलाचं इन्स्टा-स्नॅपचॅट असेल तर आयडी, घरातल्या सगळ्यांचे मोबाईल नंबर, आणि शेवटी सही करायची की गरज वाटल्यास शाळा मुलाचा फोन तपासू शकते आणि ही माहिती "संबंधित यंत्रणांना" देऊ शकते. कुठल्या यंत्रणा ते काही लिहिलेलं नाही. क्लासटीचरला विचारलं तर ती बिचारी म्हणते मॅडम वरून आलंय, पॉक्सोमुळे (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) करावं लागतं.

आमच्याकडे सासरे आहेत आणि दीर आहे, लग्न न झालेला. मुलं त्याच्या अंगाखांद्यावर वाढली. त्या "रात्री झोपायला कोण" रकान्यात त्याचं नाव लिहायला पेन उचलला आणि तसाच ठेवला, कारण हा प्रश्न नेमका काय विचारतोय ते त्यालाही कळतं आणि मलाही. नाव नाही लिहिलं तर उद्या लपवलं म्हणणार.

त्यात जानेवारी २०२६ मध्ये ते ऑस्ट्रेलियासारखी सोळा वर्षांखाली सोशल मीडियाबंदी गोव्यात आणायचा विचार चाललाय म्हणून मंत्री खंवटे बोलले तेव्हापासून आमच्या पालकांच्या ग्रुपवर रोज एक तरी भीतीदायक फॉरवर्ड. मला काळजी नाही असं कोणी म्हणू नका, मुलाच्या फोनवर माझं लक्ष असतं. पण माझं असणं वेगळं आणि शाळेचं-सरकारचं असणं वेगळं ना? कायद्यात खरंच असं काही आहे का, आणि नाही भरला तर मुलांना त्रास होईल का?

दोन_पोरांचा_बाप

भरून टाका हो. आधार दिलंय, अपार आयडीवर (विद्यार्थ्यांचा तो ओळख क्रमांक) सही केलीय, रेशनकार्डाची झेरॉक्स दिलीय, आता राहिलं काय लपवायला. भांडणाच्या रकान्यात 'कधीकधी'वर टिक मारा, गोव्यातल्या निम्म्या घरांचं तेच उत्तर असणार 😄 दारूच्या रकान्यात मात्र मी काय लिहू ते सुचत नाही, तीर्थरूप अजून रोज संध्याकाळी एक फेणी घेतात आणि नऊला झोपतात.

म्हापसा_कोर्ट

ताई, वकिली करतो म्हणून सांगतो, पण तुमचा फॉर्म मी पाहिलेला नाही तेव्हा हा सल्ला नव्हे, नुसती माहिती समजा.

पॉक्सो २०१२ चा. कलम १९ म्हणतं की मुलावर लैंगिक गुन्हा झालाय किंवा होईल अशी ज्याला माहिती वा शंका आहे त्याने पोलिसांना कळवायचं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत. बस्स. ते काही घडलं की कळवायचं कलम आहे, प्रत्येक घराची आधीच पाहणी करून ठेवा असं त्यात कुठेही नाही. उलट २०२० च्या पॉक्सो नियमांत जी तपासणी सांगितलीय ती शाळेच्याच माणसांची. मुलांशी रोज संबंध येणाऱ्या संस्थेने शिक्षक, शिपाई, ड्रायव्हर सगळ्या स्टाफची पोलीस पडताळणी करून घ्यायची. तुमच्या शाळेला विचारा ती झालीय का, मजा बघा.

मग असले फॉर्म का येतात? बदलापूर आठवत असेल, ऑगस्ट २०२४. शाळेतल्याच सफाई कामगारावर लैंगिक अत्याचाराचा आरोप, लोक रेल्वे रुळावर उतरले, आणि पुढे वेळेत कळवलं नाही म्हणून व्यवस्थापनावरही गुन्हा दाखल झाला. तेव्हापासून सगळ्या संस्थाचालकांच्या पोटात गोळा आहे. उद्या काही झालं तर आम्ही चार पानं भरून घेतली होती असं दाखवायला कागद पाहिजे. म्हणजे हा फॉर्म तुमच्या मुलांसाठी कमी आणि हेडमास्तरांसाठी जास्त. मी त्यांना पूर्ण दोषही देत नाही, कायदा त्यांना जेलची भीती घालतो आणि ती भीती ते खाली पालकांकडे सरकवतात.

डेटाचं म्हणाल तर २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलाची डिजिटल माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांचं ट्रॅकिंग करायला बंदी आहे. ऐकायला झकास. पण नोव्हेंबर २०२५ ला नियम आले त्यात शाळा, पाळणाघरं, दवाखाने यांना मुलांच्या सुरक्षिततेसाठी वगैरे त्या ट्रॅकिंगबंदीतून सवलत आहे, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला आणखी दीड वर्षाची मुदत. तोवर आपला आधार म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांचा २०१७ चा खासगीपणाचा निकाल. तो शाळेच्या ऑफिसात कोणी वाचलेला नसतो हा भाग वेगळा.

डिचोलीचे_मास्तर

निवृत्त शिक्षक आहे, चार गोष्टी सांगतो, राग मानू नका. सगळे खासगीपणा खासगीपणा करतायत. तुमच्यातल्या किती जणांना फ्रेडी पीट्स आठवतो? मडगावला अनाथ मुलांचा आश्रम चालवायचा, समाजात मान, आणि १९९१ ला पकडला तेव्हा त्याच्याकडे मुलांचे हजारो अश्लील फोटो सापडले. जन्मठेप लागायला १९९६ उजाडलं. किती वर्षं चाललं होतं, कोणाला पत्ता नाही, कारण दुसऱ्याच्या दारात कशाला डोकवा हा आपला गोंयकार स्वभाव. त्यातूनच पुढे २००३ चा गोवा बाल कायदा आला, असा स्वतंत्र कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं. फोटो धुणाऱ्या स्टुडिओवाल्याला मुलाचा अश्लील फोटो दिसला तर पोलिसांना कळवायची सक्ती, हॉटेलच्या खोलीत मूल घरच्यांबरोबर किंवा नात्यातल्यांबरोबर नोंदवलेलं नसेल तर आत सोडायचं नाही, हे सगळं त्यात आहे. कळंगुट-बागा पट्ट्यात तेव्हा काय चालायचं ते ज्यांनी पाहिलं त्यांना हा कायदा जाचक वाटणार नाही.

आणि घराचं म्हणाल तर एनसीआरबीचे (केंद्राचा गुन्हे नोंद विभाग) आकडे दरवर्षी तेच सांगतात, बलात्काराच्या पॉक्सो केसेसमध्ये ९० टक्क्यांच्या वर आरोपी मुलाच्या ओळखीचाच. शेजारी, नातेवाईक, कधी बाप. तेव्हा घराचं दार बंद ठेवायचा हक्क कोणाच्या फायद्याचा असतो तेही बघा. फोंडेकरीण बाय, तुमच्या दिरावर कोणी बोट ठेवत नाहीये, पण प्रश्नच विचारायचा नाही म्हटलं तर कसं.

स्विंडनचा_पेडणेकर

मास्तर, तुमचा मुद्दा पटतो पण मी जिथे राहतो तिथे हा प्रयोग होऊन गेलाय तो ऐका. २००० साली लंडनमध्ये आठ वर्षांची एक मुलगी नात्यातल्याच बाईने छळून मारली. देश हादरला, चौकशी बसली, २००४ ला कायदा झाला आणि त्यातून निघालं कॉन्टॅक्टपॉइंट, इंग्लंडमधल्या झाडून सगळ्या म्हणजे १ कोटी १० लाख मुलांचा डेटाबेस. नाव, पत्ता, शाळा, डॉक्टर कोण, सोशल वर्करचा संबंध आलाय का. खर्च २२ कोटी ४० लाख पौंड. बघायची परवानगी तीनेक लाख माणसांना. आणि मधेच २००७ ला तिथल्या टॅक्स खात्याने चाइल्ड बेनिफिटवाल्या (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) अडीच कोटी लोकांची माहिती दोन सीडींवर घालून कुरियरने पाठवली आणि त्या हरवल्या, अजून सापडताहेत 🙂 शेवटी २०१० मध्ये नवीन सरकारने तो डेटाबेस बंदच केला.

गंमत म्हणजे (गंमत कसली) ती मुलगी आधीच सोशल सर्व्हिस, पोलीस, हॉस्पिटल सगळ्यांना माहीत होती. माहिती कमी पडली नव्हती, कोणी उठून त्या घरी नीट गेलंच नाही. आणि उत्तर काय काढलं, तर उरलेल्या सगळ्या पोरांची माहिती गोळा करा.

आणि ताई, मूल कुठे झोपतं या प्रश्नाला हलकं घेऊ नका. २०११ ला नॉर्वेत एका बंगाली जोडप्याची दोन लहान मुलं तिथल्या बालकल्याण खात्याने उचलली, आईवडिलांचं म्हणणं होतं की हाताने भरवणं आणि मुलाला बापाशेजारी झोपवणं यावर आक्षेप घेतले. दिल्लीतून सरकार मध्ये पडलं तेव्हा कुठे २०१२ ला मुलं भारतात आली. आपल्याकडे तसं होणार नाही म्हणाल, पण फॉर्म बनवणाऱ्याने तो प्रश्न कुठून तरी उचललाच असेल ना. आपल्या घरात पावसाळ्यात करंट गेला की आठ माणसं एका सोप्यावर झोपायची, कुठल्या चौकोनात टिक मारायची त्याला?

फोंडेकरीण

मास्तर, राग नाही, तुम्ही विचार करायला लावलंत. पण मला एक सांगा, ९० टक्के ओळखीचेच असतात म्हणता, म्हणजे घरातलाही असू शकतो, आणि हा फॉर्म भरणार कोण? घरातलाच माणूस! ज्या घरात खरंच काही वाईट चाललंय तिथला बाप "नाही, नाही, नाही" लिहून छान सही करून देईल, त्याचं अक्षरही सुंदर असेल. अडकणार ती खरं लिहिणारी. माझी शेजारीण नवऱ्याचा मार खाते, तिने 'भांडणं होतात' वर टिक मारली आणि ते कागद स्टाफरूममध्ये फिरले तर? फोंडा केवढं आहे तुम्हाला माहीत आहे. तिने तर सरळ सांगितलंय मी 'नाही' लिहिणार.

मुलीला मी विचारलं, शाळेत काही झालं तर कोणाला सांगशील? म्हणे कोणालाच नाही, बाई सगळ्यांसमोर विचारतात.

बांबोळी_नाइट_ड्युटी

सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे, नाव-वॉर्ड विचारू नका. फोंडेकरीण म्हणते ते आम्ही दुसऱ्या टोकाने बघतो. पॉक्सोने संमतीचं वय सोळाचं अठरा केलं. आता सतरा वर्षांची मुलगी पोटात दुखतंय म्हणून आईबरोबर येते, मुलगा तिच्याच वाड्यावरचा, दोघांचं जमलेलं, पण आम्हाला पोलिसांना कळवावंच लागतं, आमच्या नोकरीवर येतं. हे आता सगळ्यांना कळलंय. मग आया काय करतात, मेडिकलमधून गोळ्या आणतात नाहीतर बॉर्डर ओलांडून कुठे तरी नेतात आणि रक्तस्राव थांबेना झाला की मध्यरात्री आमच्याकडे. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलंय की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव देऊ नये. चांगला निकाल, पण दारातच पोलीस बसलेला दिसला की आई परत फिरते, निकाल वाचायला कोण थांबतं. ज्या मुलीवर खरंच जबरदस्ती झालेली असते तीही त्याच आईबरोबर परत फिरते, हे मास्तरांनी लक्षात घ्यावं.

आणि एक, आया व्हॉट्सॲपवर बाळाच्या लंगोटाखालच्या पुरळाचे फोटो पाठवतात, मी पाठवू नका म्हणून सांगते. २०२१ ला सॅन फ्रान्सिस्कोत एका बापाने नर्सच्याच सांगण्यावरून आजारी पोराचे असे फोटो काढले, ते आपोआप गूगलवर चढले, मशीनने बाल अश्लील साहित्य ठरवलं, अकाउंट गेलं, ईमेल गेले, पोराच्या लहानपणीचे फोटो गेले. पोलिसांनी गुन्हा नाही म्हणून फाइल बंद केली तरी गूगलने अकाउंट परत दिलं नाही.

डिचोलीचे_मास्तर

नर्सबाई, मुद्दा घेतला. फॉर्म मूर्खपणाचा आहे एवढं मान्य. कायदा नको हे मान्य नाही.

म्हापसा_कोर्ट

मास्तर, कायदा नको असं इथे कोणीच म्हणत नाहीये हो. आपल्याच बाल कायद्यातली 'बाल अत्याचारा'ची व्याख्या इतकी रुंद आहे की शब्दाने वा कृतीने मुलाला कमी लेखलं तरी त्यात बसवता येतं. दोन घरांच्या भांडणात एकाने मुलाला दप्तर मारलं ती केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०२५ मध्ये कोर्टाला सांगावं लागलं की असा एखादा फटका म्हणजे बाल अत्याचार नव्हे. तोपर्यंत तो माणूस किती वर्षं तारखांना फिरला असेल.

सोशल मीडियाबंदीबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून लागू आहे, दंड कंपन्यांना, पालकांना नाही, पण पालकांनी परवानगी दिली तरी अकाउंट चालत नाही. म्हणजे ठरवायचा हक्क पालकांकडून गेलाच. आणि सोळाखालचा ओळखायचा तर सोळावरच्यालाही वय सिद्ध करावंच लागणार, आपल्याकडे त्याचा अर्थ आधार. राज्य सरकार हे करू शकतं का याबद्दल मला दाट शंका आहे, आयटी कायदा केंद्राचा.

ताई, तुमच्यापुरतं सांगायचं तर पहिलं पान भरून द्या, बाकीच्या पानांवर "कोणत्या परिपत्रकानुसार, कृपया क्रमांक व तारीख कळवावी" असं लिहून सही करा आणि झेरॉक्सवर पोच घ्या. फोन तपासायच्या संमतीवर आडवी रेघ मारा. शाळा अनुदानित असेल तर पर्वरीला शिक्षण खात्यात आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाका, असं परिपत्रक काढलंय का आणि ही माहिती कुठे, किती वर्षं ठेवणार. फी दहा रुपये. आणखी चार पालक बरोबर घ्या, एकटीच्या सहीला शाळा उत्तर देत नाही, पाचांच्या सहीला देते.