मदत हवी आहे: सासूबाईंचा ऑक्सिजन, मेडिकेअरचं बिडिंग आणि राज्यबदल

मेघमल्हार

नमस्कार मंडळी. सासूबाई (वय ७८) न्यू जर्सीत आमच्याकडे असतात. फुप्फुसांचा फायब्रोसिस आहे. ओरिजिनल मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा अमेरिकन सरकारी आरोग्यविमा; पार्ट ए हॉस्पिटलसाठी, पार्ट बी डॉक्टर आणि उपकरणांसाठी) आणि वर मेडिगॅप (आपल्या वाट्याचा खर्च भरणारा खाजगी पूरक विमा) आहे, अ‍ॅडव्हांटेज प्लॅन (मेडिकेअरऐवजी खाजगी कंपनीमार्फत घ्यायचा) नाही. डॉक्टरांनी बसून मिनिटाला २ लिटर, चालताना ४ लिटर ऑक्सिजन लिहून दिलाय. घरात मोठा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) आहे, बाहेर जायला डी साइजचे सिलिंडर. भाड्याचा ३४वा महिना चालू आहे.

अडचणी अशा:

१. सिलिंडर आठवड्याला चारच मिळतात. पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर मागितला तर सप्लायर म्हणतो, 'कॉम्पिटिटिव्ह बिडिंगने रेट पाडलेत, परवडत नाही, रोखीने विकत घ्या.'

२. ३६ महिने झाले की मशीन परत नेणार, असं फोनवर सांगितलंय.

३. पुढच्या महिन्यात त्या कायमच्या दिरांकडे क्लीव्हलंडला (ओहायो) जाणार आहेत. तिथले सप्लायर प्रिस्क्रिप्शन बघतात, किती महिने झाले विचारतात आणि नाही म्हणतात.

बिडिंग हे नक्की काय प्रकरण आहे आणि आम्ही काय करायचं?

नीलपंखी

आधी जाण्याची तारीख बघा. बाकीचं थांबू शकतं, हे नाही.

मेडिकेअर ऑक्सिजनच्या यंत्राचं भाडं जास्तीत जास्त ३६ महिने देतं, पण यंत्राचं आयुष्य पाच वर्षं धरलेलं आहे. उरलेले २४ महिने सप्लायरने ते भाड्याशिवाय, चालू स्थितीत तुमच्या घरी ठेवायचं असतं. या काळात सिलिंडरमधल्या ऑक्सिजनचे पैसे त्याला दरमहा मिळत राहतात, कॉन्सन्ट्रेटरच्या देखभालीचे सहा महिन्यांनी एकदा. गरज संपलेली नसताना यंत्र उचलून न्यायचा हक्क त्याला नाही. 'परत नेणार' हे लेखी मागा. बहुतेकदा तिथेच विषय संपतो.

आता क्लीव्हलंड. ३६व्या महिन्यात ज्याचं यंत्र घरी आहे, पुढच्या २४ महिन्यांची जबाबदारी त्याची. त्यानंतर पेशंट दुसऱ्या राज्यात गेला तरी ती सुटत नाही. त्याने स्वतः सोय करायची किंवा तिथल्या कुणाशी ठरवून द्यायची. ३६ पूर्ण व्हायच्या आत गेलात तर नवा सप्लायर तुम्हालाच शोधावा लागतो, आणि त्याचा हिशोब सरळ आहे: भाडी मिळणार एक-दोन, मग दोन वर्षं फुकट सांभाळायचं. सप्लायर बदलला म्हणून ३६चा आकडा पुन्हा एकपासून सुरू होत नाही. म्हणून तर ते 'किती महिने झाले' हे आधी विचारतात.

तेव्हा जाणं ३७व्या महिन्यापर्यंत पुढे ढकला. हा महिना कॅलेंडरचा नव्हे. यंत्र ११ तारखेला घरी आलं असेल तर प्रत्येक भाड्याचा महिना ११ला सुरू होतो. त्या दिवशी पेशंट हॉस्पिटलात असेल तर भाडं डिस्चार्जपर्यंत लागत नाही आणि पुढची तारीखही सरकते. त्यामुळे फोनवर सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. मेडिकेअरच्या वेबसाइटवर सासूबाईंच्या खात्यात क्लेम्स उघडा आणि ई१३९० कोडच्या (म्हणजे कॉन्सन्ट्रेटरच्या भाड्याच्या) मंजूर ओळी मोजा. ३६वी ओळ दिसल्यावरच सामान हलवा आणि सोशल सिक्युरिटीकडे पत्ता बदला.

सह्यकडा

नीलपंखींना अनुमोदन. बिडिंगबद्दल सप्लायर सांगतो ते अर्धंच खरं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

२००३च्या कायद्याने मेडिकेअरला घरगुती वैद्यकीय उपकरणांसाठी बोली लावून दर ठरवायचा अधिकार दिला. आधीचे दर जुन्या बिलांवरून ठरलेले आणि बाजारभावापेक्षा बरेच चढे होते, त्यामुळे हेतू चुकीचा नव्हता. १ जुलै २००८ला सुरुवात झाली आणि दोनच आठवड्यांत काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) ती थांबवली. पुन्हा सुरुवात १ जानेवारी २०११ला, नऊ शहरी भागांत, क्लीव्हलंड त्यातलंच. १ जुलै २०१३पासून आणखी १०० भाग, न्यूयॉर्क-नेवार्कचा पट्टा धरून. पहिल्या नऊ भागांत दर सरासरी ३२ टक्के उतरले, २०१३मध्ये ४५ टक्के.

घोळ दर ठरवण्याच्या पद्धतीत होता. आपल्याकडे पीडब्ल्यूडीचं टेंडर भरताना बयाणा रक्कम भरावी लागते, आणि सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला त्याने लिहिलेला दर मिळतो. इथे बयाणा नव्हता, बोलीही बंधनकारक नव्हती, आणि सगळ्यांना मिळणारा दर म्हणजे जिंकलेल्या बोलींचा मध्यक. समजा पाच जण जिंकले: ८०, ९०, १००, ११० आणि १२०. दर ठरला १००. म्हणजे ज्यांनी खर्च नीट मांडून ११० आणि १२० लिहिले, त्यांनी तोट्यात काम करायचं किंवा करार नाकारायचा. आणि ज्याला फक्त आत शिरायचंय त्याला ८० लिहायला काहीच पडत नाही. दर तर मध्यकानेच ठरणार, पटला नाही तर सही करायची नाही. २०१०मध्ये १६७ लिलावतज्ज्ञांनी याच दोषांवर बोट ठेवून काँग्रेसच्या आरोग्यविषयक उपसमितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं होतं. दुरुस्ती झाली ती २०२१च्या फेरीत: जिंकलेल्यांतली सर्वांत मोठी बोली हा दर, आणि प्रत्येक भागासाठी ५०,००० डॉलरचा बाँड (बयाण्यासारखी हमी). पण त्या फेरीत अपेक्षित बचत दिसेना, म्हणून पाठीचे आणि गुडघ्याचे तयार पट्टे सोडून बाकी सगळं वगळलं गेलं.

आता तुमच्याशी संबंध. ऑक्सिजनचे बिडिंगचे करार ३१ डिसेंबर २०१८ला संपले. पट्ट्यांचेही २०२३अखेर. आज ऑक्सिजनचा एकही करार लागू नाही. दर मात्र त्या जुन्या बोलींवरच बेतलेले आहेत, दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवलेले. सप्लायरचं 'रेट पडलेत' हे इथवर खरं.

करार होते तेव्हा कंत्राटी सप्लायरला आपल्या भागातल्या प्रत्येक मेडिकेअर पेशंटला सेवा द्यावीच लागायची आणि मेडिकेअरचा दर हीच पूर्ण किंमत मानावी लागायची. करार संपले तशी ही दोन्ही बंधनं गेली, दर तेवढे राहिले. आज कोणताही नोंदणीकृत सप्लायर नवा पेशंट नाकारू शकतो. माझ्या मते पेशंटचं खरं नुकसान इथे झालंय, आणि बातम्यांत फक्त वाचलेल्या डॉलरांचा आकडा येतो.

मेघमल्हार

खूप आभार. ३६व्या ओळीचं तर कुणीच सांगितलं नव्हतं. जाणं पुढे ढकलतोय. 'मेडिकेअरचा दर हीच पूर्ण किंमत' म्हणजे असाइनमेंट ना? आमच्या सप्लायरचं काय हे कसं कळेल? आणि रोखीने पोर्टेबल घ्यावा का?

सह्यकडा

हो, असाइनमेंटच. ज्याने ती घेतली, त्याला मंजूर रकमेच्या ८० टक्के मेडिकेअर देतं, २० टक्के तुम्ही किंवा मेडिगॅप, आणि वर्षाच्या सुरुवातीला पार्ट बीचं डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम). ज्याने घेतली नाही, तो जास्त रक्कम लावू शकतो. डॉक्टरांच्या बिलाला १५ टक्क्यांची वरची मर्यादा असते, उपकरणांना ती नाही. हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि मग बिल बघून धक्का बसतो.

पहिल्या डिलिव्हरीच्या आधी सप्लायरने ३६ही महिन्यांसाठी असाइनमेंट घेणार की नाही हे सांगणं बंधनकारक आहे. तो कागद शोधा. क्लेममध्येही ते दिसतं. एबीएन नावाच्या फॉर्मवर सही मागितली तर आधी पूर्ण वाचा. 'मेडिकेअरने नाकारलं तर मी पैसे देईन' अशी ती कबुली असते. नुसतं 'डिलिव्हरीचा कागद आहे' म्हणून सही करू नका.

रानजाई

पोर्टेबलबद्दल, कृपया घाई करू नका.

बॅटरीवरच्या लहान यंत्रावरचं 'सेटिंग ४' म्हणजे मिनिटाला ४ लिटर नव्हे. ती यंत्रं श्वास आत घेताना फक्त एक झोत सोडतात. लोकप्रिय मॉडेलं मिनिटाला जेमतेम एक लिटरच्या आसपास ऑक्सिजन बनवतात. सतत प्रवाह देणारी मोठी पोर्टेबलसुद्धा साधारण ३ लिटरवर थांबतात. फायब्रोसिसमध्ये चालताना ऑक्सिजन भराभर उतरतो. त्यामुळे जे मॉडेल घ्यायचं तेच खांद्यावर लावून सहा मिनिटं चालवून बघा, बोटाला ऑक्सिमीटर ठेवून. ८८ टक्क्यांच्या खाली गेलं तर ते यंत्र त्यांच्यासाठी नाही, मग ते कितीही हलकं असो. मेडिकेअर ऑक्सिजनचं यंत्र विकत घेऊन देत नाही, फक्त भाडं भरतं, त्यामुळे रोखीने घेतलेल्याचा परतावा मिळणार नाही.

सिलिंडरचा हिशोब मात्र मांडा. डी सिलिंडरमध्ये साधारण ४२५ लिटर. सलग ४ लिटरने पावणेदोन तास. आठवड्यात दहा तास बाहेर असतील तर १० × ६० × ४ = २,४०० लिटर, म्हणजे सहा सिलिंडर, आणि राखीव दोन. चार पुरणार नाहीत. ३६ महिन्यांच्या भाड्यातच सिलिंडरचा ऑक्सिजन धरलेला असतो, जास्तीचे वेगळे पैसे मागता येत नाहीत. डॉक्टरांकडून ऑर्डर नव्याने लिहून घ्या: चालताना ४ लिटर, सलग प्रवाह, आठवड्याला इतके तास घराबाहेर. 'गरजेप्रमाणे ऑक्सिजन' असं लिहिलेलं असेल तर सप्लायर त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावतो.

दुसरा मार्ग, घरीच सिलिंडर भरणारं यंत्र. सप्लायरच्या ट्रकच्या फेऱ्या वाचतात, म्हणून त्यांना ते बऱ्याचदा चालतं. यंत्राचा प्रकार मधेच बदलायला डॉक्टरांची नवी ऑर्डर लागते, तेव्हा तीही याच भेटीत मागा. द्रवरूप ऑक्सिजन जास्त प्रवाहाला उत्तम, पण त्याची डिलिव्हरी महाग आणि दर पडल्यावर बहुतेक सप्लायरांनी तो बंदच केला. बिडिंगचा फटका सर्वांत जास्त अशाच पेशंटना बसला.

कातरवेळ

धागा वाचतोय. वडिलांच्या शुगरच्या स्ट्रिप्सचं काय? तेही बिडिंगमध्येच होतं ना?

सह्यकडा

होतं. पोस्टाने मागवायच्या स्ट्रिप्ससाठी १ जुलै २०१३पासून देशभर एकच दर, ५०ला १०.४१ डॉलर, आधीपेक्षा सुमारे ७२ टक्के कमी. दुकानातला दरही तेवढाच केला. मग त्या दरात बसतील अशाच ब्रँडच्या स्ट्रिप्स मिळू लागल्या. तो करारही २०१८अखेर संपला. इन्शुलिन घेत असतील तर तीन महिन्यांना ३००, नसेल तर १००. मीटर बदला म्हणून कोणी गळ घातली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका. जुन्या मीटरला नव्या स्ट्रिप्स चालत नाहीत. सतत शुगर मोजणारे सेन्सर आणि इन्शुलिन पंप बिडिंगमध्ये आणायचा नियम सरकारने २०२५अखेर केला, त्यावर लक्ष ठेवा.

मेघमल्हार

शेवटचे दोन प्रश्न. सप्लायरने लेखी द्यायलाच नकार दिला तर? आणि डिसेंबरात त्यांना पुण्याला जायचंय, मशीन नेता येईल?

नीलपंखी

नकार दिला तर मेडिकेअरच्या १-८००-६३३-४२२७ला फोन करा. सासूबाई शेजारी हव्यात, नाहीतर तुमच्या नावाने अधिकृत करणारा फॉर्म आधी भरून ठेवा. 'सप्लायर चांगला नाही' असं मोघम सांगू नका. 'ऑक्सिजन, ३४वा महिना, ३६नंतर यंत्र काढून घेणार म्हणतो, अमुक तारखेला अमुक बोलला' असं सांगा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. प्रत्येक राज्यात मेडिकेअरबद्दल मोफत सल्ला देणारी शिप नावाची यंत्रणा असते, ओहायोत तिला ओशिप म्हणतात. क्लीव्हलंडच्या सोयीसाठी दिरांनी त्यांना आत्ताच फोन करावा.

पुण्यात मेडिकेअर काहीच देत नाही, आणि परदेशात यंत्र पुरवायचं बंधन सप्लायरवर नाही. घरचा कॉन्सन्ट्रेटर १२० व्होल्टचा आहे, तिकडच्या २३०च्या सॉकेटमध्ये लावला तर जळेल. पुण्यात ५ लिटरचा भाड्याने घ्या आणि वीज जाते तेव्हासाठी एक जंबो सिलिंडर ठेवा. विमानात सिलिंडर नेता येत नाही, मान्यताप्राप्त पोर्टेबलच लागतो. एअरलाइन प्रवासाच्या दीडपट वेळेच्या बॅटऱ्या मागू शकते: १६ तासांच्या उड्डाणाला २४ तासांच्या. पण रानजाईंनी सांगितलेली चाचणी त्याआधी करा, आणि विमानात हवेचा दाब कमी असतो म्हणून बसल्या जागीही २ लिटर पुरतील का, हे डॉक्टरांना आधी विचारा. तिकीट त्यानंतर काढा.