जास्वंदीवरचा पिवळ्या पट्ट्यांचा कोळी कुठला?

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागे जास्वंद आहे, त्यात गेले चार दिवस एक कोळी बसलाय, पाठीवर पिवळे-तपकिरी पट्टे, डोक्याकडे चंदेरी, आणि पाय असे जोडीजोडीने पसरलेत की चारच वाटतात, फुलीसारखे. जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी पण आहे. माळीदादा म्हणतात विषारी आहे, झाडून टाकतो. खाली मुलं खेळतात म्हणून विचारतेय, काय करू?

> प्लीज झाडू देऊ नका!! हा सिग्नेचर स्पायडर, शास्त्रीय नाव अर्जिओपी. ती नक्षी सहीसारखी दिसते म्हणून हे नाव. माणसाला धोका नाही, हातात दाबून धरला तरच चावेल. पावसाळ्यात आणि नंतर आरेत, नॅशनल पार्कात झुडपांवर भरपूर दिसतात.

> डोकं खाली करून बसलाय ना? मग नक्की तोच, म्हणजे तीच, कारण एवढी मोठी मादीच असते, नर अगदी चिमुकला, जाळ्याच्या कडेला नीट बघा सापडेल कदाचित. नक्षी कशासाठी यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, कोणी म्हणतं किडे आकर्षित होतात, कोणी म्हणतं पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून. जवळ गेलात तर जाळं गदागदा हलवते, मला ते बघायला फार आवडतं.

> जाळं पिवळसर सोनेरी आणि कोळी तळहाताएवढा असेल तर मात्र जायंट वुड स्पायडर, तो वेगळा.

थँक्यू सगळ्यांना! डोकं खालीच आहे. माळीदादांना फोटो दाखवून सांगितलं, राहू देतो म्हणाले.