शाह तहमास्पच्या दरबारातील हुमायून: पाहुणा की ओलीस?

मुळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या वाचनमंडळात सध्या मोगल काळाचे वाचन चालू असून गेल्या बैठकीत हुमायूनच्या इराणमधील वास्तव्यावरून बराच वाद झाला. १५३९ मध्ये चौसा आणि १५४० मध्ये कनोज येथे शेरशाहकडून हरलेला, सिंधमध्ये वणवण केलेला आणि भावांनीही थारा न दिलेला हा बादशहा १५४४ मध्ये इराणचा सफवी बादशहा शाह तहमास्प याच्या भेटीस गेला, येथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. पुढे मात्र काही जण म्हणतात की शाहने त्याला राजासारखे वागवले, तर काहींच्या मते सुन्नी पंथ सोडून शिया व्हावे म्हणून त्याला जिवाची भीती घालण्यात आली. दोन्ही बाजू समकालीन साधनांचाच हवाला देतात. साधनांत इतकी तफावत का, आणि राज्य गमावलेल्या राजाला आश्रय देऊन शाहने काय साधले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तवारीख

आपल्या मंडळातील दोन्ही बाजू खरे बोलत आहेत. फक्त त्या वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकत आहेत. अबुल फजलने अकबरनाम्यात तहमास्पचे हेरातच्या सुभेदाराला पाठवलेले फर्मान उतरवून घेतले आहे. पाहुण्याला सामोरे कोणी जावे, बर्फाने गार केलेली सरबते केव्हा द्यावीत, दूध आणि लोणी घालून मळलेल्या पिठाच्या रोट्यांवर बडीशेप व खसखस असावी, इतक्या बारकाव्यांपर्यंत त्यात हुकूम आहेत. हा मजकूर वाचला की आतिथ्यात कोणतीही कसर राहिली नव्हती, हे मान्य करावेच लागते. परंतु अबुल फजल हुमायूनच्या मुलाच्या दरबारात बसून लिहीत होता, त्यामुळे धन्याच्या वडिलांचा अपमान त्याच्या लेखणीतून उतरणे शक्यच नव्हते.

जौहर आफताबची हा हुमायूनच्या हातावर पाणी घालणारा सेवक होता आणि या प्रवासात तो सोबत होता. शाहने हुमायूनला किझिलबाशांची (सफवींच्या शिया लढवय्यांची) टोपी घालावयास लावली, पुढे जळणासाठी लाकडे पाठवताना ‘आमचा पंथ स्वीकारला नाही तर याच लाकडांनी जाळू’ असा निरोप दिला, आणि शेवटी काझी जहान या वजिराने सोबतच्या माणसांच्या जिवाची आठवण करून दिल्यावर हुमायून नमला, हे जौहर सांगतो. जौहरनेही हे सारे बऱ्याच वर्षांनी, अकबराच्याच काळात लिहिले. तरीही मला त्याचाच शब्द अधिक भरवशाचा वाटतो, कारण धन्याची मानहानी रचून सांगण्यात त्याचा काहीच लाभ नव्हता. शाहचे मन वळवण्यात त्याची बहीण सुलतानम हिचा मोठा वाटा होता, हेही विसरू नये. परक्या दरबारात आश्रित टिकतो तो यजमानाच्या मर्जीइतकाच अशा आतल्या माणसांच्या शब्दावर.

पर्वतीपायथा

शाहच्या लाभाबद्दल लिहितो. तहमास्पच्या पश्चिमेला उस्मानी (तुर्की) सुलतान होता, ज्याने १५३४ मध्ये बगदाद घेतले होते, आणि पूर्वेला उझबेक. अशा वेळी बाबराचा मुलगा स्वतः दाराशी येऊन मदत मागतो, ही सफवी घराण्याच्या प्रतिष्ठेत मोठी भर होती. तैमूरच्या वंशजाने शिया पंथाची खूण डोक्यावर घेणे, याचे मोल त्याहून मोठे होते. त्याशिवाय मदतीची रोख किंमत म्हणून कंदाहार शहर शाहला द्यावयाचे ठरले होते. शाहने सुमारे बारा हजार घोडेस्वार दिले, पण त्यांच्याबरोबर आपला तान्हा मुलगा मुराद नावापुरता सेनापती म्हणून पाठवला, म्हणजे जिंकलेले शहर कोणाच्या नावाने घ्यावयाचे हे आधीच स्पष्ट झाले.

याच दरबाराची दुसरी हकीगत शेजारी ठेवून पाहावी. १५५९ मध्ये उस्मानी सुलतान सुलेमानचा बंडखोर मुलगा बायझीद तहमास्पकडे आश्रयाला आला. त्याचेही प्रथम थाटात स्वागत झाले. परंतु सुलेमानने मोठी रक्कम देऊ केल्यावर दोन-तीन वर्षांतच शाहने त्याला उस्मानी मारेकऱ्यांच्या हवाली केले आणि त्याची मुलेही मारली गेली. हुमायूनला परत मागणारा शेरशाह दूर होता, बायझीदला मागणारा बाप सरहद्दीवर बसला होता. माझ्या मते दोघांच्या नशिबातील फरक एवढ्यातच आहे.

नगररस्ता

या प्रकरणाचा एक धागा आपल्या अगदी जवळ येतो. जौहरच्या सांगण्यानुसार हुमायूनने आपल्याजवळचा सर्वांत मोठा हिरा शिंपल्याच्या डबीत ठेवला, भोवती इतर हिरे व माणके मांडली आणि ते तबक आपला सरदार बैरामखान याच्या हाती शाहकडे पाठवले. तहमास्पने पुढे, १५४७ च्या सुमारास, तो हिरा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला भेट म्हणून धाडला, अशी नोंद निजामशाहीच्याच इराणमधील वकिलाने, खुरशाहने, करून ठेवली आहे. बुऱ्हाणाने शाह ताहिर या शिया विद्वानाच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला होता, त्यामुळे ही भेट त्यालाच का, हे सहज समजते.

आपल्याकडचे उदाहरणही आठवते. औरंगजेबाचा मुलगा अकबर १६८१ मध्ये संभाजीराजांच्या आश्रयाला आला, पालीच्या परिसरात राहिला, आणि दिल्लीवरील स्वारीची वाट पाहून थकल्यावर १६८७ मध्ये राजापूरहून जहाजाने निघून इराणच्याच दरबारी गेला. हुमायूनला मिळाली तशी फौज त्याला तेथे कधीच मिळाली नाही.

मुळाकाठ

सर्वांचे आभार. एकच शंका उरते: हुमायूनने कंदाहार खरोखर शाहच्या स्वाधीन केले का?

तवारीख

होय, पण थोड्याच काळापुरते. सप्टेंबर १५४५ मध्ये किल्ला हाती आल्यावर त्याने तो इराण्यांच्या ताब्यात दिला. लहानगा मुराद तेथेच वारला, हिवाळा तोंडावर आला आणि आपल्या माणसांना निवारा हवा म्हणून हुमायूनने किल्ला परत घेऊन बैरामखानाकडे सोपवला. तहमास्पने त्या वेळी युद्ध पुकारले नाही. हुमायून १५५६ मध्ये मरण पावला, अकबर अजून पोरवयाचा होता, आणि १५५८ मध्ये शाहने फौज पाठवून कंदाहार वसूल केले.